हरिकथेचे पुस्तक आणि त्याचे मोल

वाचक माउली, एक प्रश्न तुमच्यापुढे मांडतो. तो वरून लहान दिसतो, पण सोडवायला बसले की परमार्थाच्या मुळाशी जातो. आपल्या संप्रदायात हल्ली पुष्कळ बुवा आपले पुस्तक आपणच छापून घेतात. चाळीस चाळीस वर्षे कीर्तन केलेले असते, चिंतनाच्या वह्या साठलेल्या असतात. गळा थकला की वाटते, हे आपल्याबरोबर जाऊ नये. शहरातल्या प्रकाशकाची ओळख नसते. मग तालुक्याच्या गावचा छापखाना गाठायचा, घरचे पैसे घालायचे आणि पाचशे-हजार प्रती टेम्पोत घालून घरी आणायच्या. ओसरीवर गठ्ठे उतरतात आणि दुसऱ्या दिवसापासून बुवांना प्रश्न पडतो की हे विकावे, की वाटावे?

मीही या वाटेने गेलो आहे. हरिपाठावरचे थोडे निरूपण मी छापून घेतले आणि त्याच्या प्रती आमच्या वढू बुद्रुकच्या घरी माळ्यावर अजून थोड्या आहेत. म्हणून हा विचार मला केवळ ऐकीव नाही. कीर्तनात जसा पूर्वपक्ष मांडून मग सिद्धांताकडे जातात, तसेच येथे जाऊ.

पूर्वपक्ष असा. हरिकथेचा विक्रय करू नये, हा आपला मूळ नियम. कथा करून द्रव्य घेणारा आणि देणारा या दोघांनाही तुकोबारायांनी किती कठोर शब्दांत झाडले आहे, ते अभंग तुम्हांस पाठ आहेत. येथे पुन्हा लिहीत नाही. विष्णुबुवा जोगमहाराजांनी हा नियम आयुष्यभर पाळला. १९१७ साली आळंदीस वारकरी शिक्षण संस्था काढली तीही याच तळमळीने, की ज्ञान मिळावे आणि त्याचा बाजार होऊ नये. आता आज पाकिटे, ठरवाठरवी, तारखा हे सगळे काय चालले आहे ते तुम्ही पाहताच. त्यात मी शिरत नाही. पण जो बुवा बिदागीला हात लावत नाही, त्याने त्याच कथेचे पुस्तक करून त्यावर किंमत छापली, तर तो विक्रय झाला की नाही? बोलली तर कथा आणि छापली तर माल, असे कसे म्हणता येईल? पूर्वपक्ष जोरकस आहे. तो हसून टाळता येणार नाही.

उत्तराची पहिली पायरी व्यवहाराची आहे. कीर्तनाला लागते काय? वीणा गावचा, टाळ-पखवाज गावचा, मंडप गावचा, जिव्हा देवाने दिलेली. बुवा घरी परत गेला तर त्याचे काहीच वेचलेले नसते. पुस्तकाचे तसे नाही. कागद विकत आणावा लागतो. अक्षरजुळणी करणारा, मुद्रिते तपासणारा, छापणारा, बांधणी करणारा या प्रत्येकाला घर आहे. धरून चाला की दीडशे पानांच्या पुस्तकाला प्रतीमागे सत्तर रुपये पडले, तर हजार प्रतींचे सत्तर हजार झाले. तुम्ही शंभर रुपये किंमत छापली आणि पुस्तक दुकानात ठेवले. दुकानदार शंभरातले चाळीस ठेवून घेतो. त्यालाही भाडे आहे, त्याला दोष नाही. तुमच्या हाती साठ येतात, म्हणजे प्रतीमागे दहा रुपये घरचे गेले. तोटा भरून काढायला किंमत दीडशे केली तर हाती नव्वद येतात, पण सत्तर रुपयांच्या वस्तूला वाचकाने दीडशे मोजले. आणि हे दुकानदाराने हिशेब दिला तर! एके ठिकाणी मी प्रती ठेवल्या होत्या. नाव सांगत नाही, सांगायचे कारणही नाही. तीन वेळा विचारले, तेव्हा कळले की प्रतीही नाहीत आणि पैसेही नाहीत. आपले पुस्तक आपण छापणाऱ्याला छापण्याचे कष्ट चौथाई आणि पोचवण्याचे बाराआणे असतात, हे आधी कोणी सांगत नाही.

यावर कोणी म्हणेल, ‘बुवा, मग जाऊ द्या ना पैसे! तुकोबांनी तर कर्जखते इंद्रायणीत बुडवली.’ माउली, याच प्रसंगाकडे नीट पाहा. तुकोबा मुळात दुकानदार होते. देहूला त्यांची महाजनकी होती, तराजू हाती होता, येणे-देणे ठाऊक होते. ज्या दिवशी त्यांनी खते बुडवली, त्या दिवशी काय केले? सगळी खते बुडवली नाहीत. धाकटे बंधू कान्होबा यांचा अर्धा वाटा आधी बाजूला काढून त्यांच्या हाती दिला, आणि मग आपला अर्धा वाटा पाण्यात सोडला. पुष्कळ कीर्तनांत आपण बुडवण्यापर्यंत धावत जातो आणि वाटणी सांगायची राहते. पण धर्म त्या वाटणीत आहे. आपल्या हक्कावर पाणी सोडणे हा त्याग. दुसऱ्याच्या हक्कावर सोडले तर तो अन्याय.

पुस्तक छापणाऱ्या प्रत्येक बुवाच्या घरी एक कान्होबा असतो. कोठे तो मुलगा असतो, ज्याने दुधाच्या पैशातून छापखान्याचा आगाऊ हप्ता भरला. कोठे ती घरची माउली असते, जिच्या पाटल्या बँकेत गेल्या. कोठे तो छापखानेवाला असतो, ज्याने ‘बुवांचे काम’ म्हणून अर्धे बिल उधार ठेवले. या सगळ्यांचा वाटा बुडवून जो बुवा गावभर पुस्तके फुकट वाटतो आणि उदार म्हणवून घेतो, त्याने कोणती खते बुडवली? कान्होबाची! म्हणून माझे पहिले म्हणणे असे, की पुस्तकाला लागलेला खर्च किंमत म्हणून घेण्यात कथेचा विक्रय होत नाही. कागदाचे मोल कागदाला द्यावे. कथेचे मोल त्यात मिळवू नये, म्हणजे झाले.

आता दुसरी बाजू, फुकट वाटण्याची. आपल्याला वाटते की फुकट दिले म्हणजे सगळे शुद्ध झाले. वारीच्या वाटेवर जरा पाहा. आषाढी वारीच्या पालख्या निघाल्या की हरिपाठाच्या लहान पुस्तिका हातोहात वाटल्या जातात. मलपृष्ठ उलटा. तेथे कोणा पुढाऱ्याचा हात जोडलेला फोटो असतो, नाहीतर दुकानाची जाहिरात, नाहीतर जागा विकणाऱ्याचा फोन नंबर. आत ज्ञानोबाराय आणि बाहेर उमेदवार. ही पुस्तिका फुकट आहे का? वारकऱ्याने तिची किंमत पैशात दिली नाही, आपल्या नजरेने दिली. ज्याने छापली त्याला ती बरोबर वसूल करता येते.

दहाव्याच्या किंवा वर्षश्राद्धाच्या दिवशी, गेलेल्या माणसाच्या स्मरणार्थ हरिपाठ वाटतात, ते मात्र वेगळे. त्यात शोक असतो, प्रेम असते. आमच्या शिरूर-दौंड भागात ही चाल चांगली रुजली आहे आणि ती टिकावी. पण तेथेही एक पाहिले आहे. दोनशे पुस्तिका वाटल्या की संध्याकाळी मांडवात वीस-पंचवीस पडलेल्या सापडतात. चहाच्या पेल्याखाली, सतरंजीच्या घडीत. घेणाऱ्याने मागितली नव्हती. हातात आली म्हणून घेतली आणि हात मोकळा हवा झाला तेव्हा खाली ठेवली. त्याच्यावर रागावू नका. न लागलेल्या भुकेला कोणी जेवण वाढले तर पानात टाकले जाणारच.

फुकट आणि फार महाग यांच्यामध्ये एक मार्ग आहे आणि तो चालून दाखवलेला आहे. गोरखपूरची गीता प्रेस १९२३ साली सुरू झाली. आज आपल्या मराठी ज्ञानेश्वरीपासून पुष्कळ ग्रंथ तेथून येतात. ते पुस्तक फुकट देत नाहीत. किंमत छापतात आणि ती घेतात. पण देणगी स्वीकारत नाहीत आणि पुस्तकात जाहिरात घेत नाहीत. २०२१ सालचा गांधी शांतता पुरस्कार त्यांना जाहीर झाला, तेव्हा सन्मान घेतला आणि एक कोटीची रक्कम घेतली नाही. याचा अर्थ लक्षात घ्या. वाचकाकडून पुस्तकाचे अल्प मोल घ्यायला त्यांना संकोच नाही, पण वाचकाशिवाय दुसऱ्या कोणाकडून घ्यायला आहे. ज्याच्याकडून पैसा येतो, त्याच्याकडे मान वळते. वाचकाकडून आला तर मान वाचकाकडे वळेल, आणि ती तेथेच असायला हवी.

पण ‘किंमत घ्यावी’ एवढ्यावर माझे समाधान झाले नाही. किंमत असते कशासाठी? खर्च भरून येण्यासाठी, हे झाले बुवांच्या बाजूचे. घेणाऱ्याच्या बाजूने किंमतीचे काम काय? याचे उत्तर मला जुन्या पोथ्यांनी दिले.

छापखाने आपल्याकडे येऊन दोनशे वर्षे होऊन गेली. त्याआधी ग्रंथ पसरत कसे? नेवाशाला शके १२१२ मध्ये माउलींनी ज्ञानेश्वरी सांगितली आणि सच्चिदानंद बाबांनी ती लिहून घेतली. तेथून तीनशे वर्षे हाताने प्रती होत गेल्या. प्रतीवरून प्रत होताना पाठ बिघडले, तेव्हा शके १५०६ मध्ये नाथमहाराजांनी बसून प्रत शुद्ध केली आणि यात कोणी आपल्या ओव्या घालू नयेत असे बजावले. राहुरीजवळच्या ताहराबादचे महिपतीबुवा घ्या. परंपरा सांगते की ते गावचे कुलकर्णी होते. देवपूजेत असताना जहागीरदाराचे बोलावणे आले, आणि त्या दिवशी त्यांनी नेम केला की ही लेखणी यापुढे मनुष्याच्या चाकरीत झिजवायची नाही. त्याच लेखणीने शके १६८४ मध्ये ‘भक्तविजय’ पुरा झाला. त्याला प्रकाशक नव्हता, विक्रेता नव्हता. तरी तो गावोगाव गेला. कसा गेला?

ज्याला हवा होता त्याने तो उतरून घेतला. कागद घोटायचा, शाई करायची, बोरू तासायचा, मूळ पोथी ज्याच्याकडे असेल त्याच्या ओसरीवर महिनोन्‌महिने बसायचे. बोटे आखडत, डोळे पाणावत. शेवटी लेखक लिहून ठेवी की पाठ, कंबर, मान मोडून हा ग्रंथ लिहिला आहे, तो जपावा, तेलापाण्यापासून राखावा. माउली, ही त्या पोथीची किंमत होती. रुपयात नव्हती, पण होती, आणि आजच्या कोणत्याही पुस्तकाहून जबर होती. तिचा एक गुण असा की ती चुकवल्याशिवाय पोथी घरी येतच नसे आणि चुकवता चुकवता ग्रंथ अक्षर न् अक्षर वाचून होई. न वाचलेली पोथी असणे जवळजवळ अशक्यच होते.

छापखाना आला आणि हे कष्ट गेले. मुंबईच्या इंदुप्रकाश छापखान्यातून १८६९ आणि १८७३ साली तुकोबांची गाथा सरकारच्या मदतीने दोन भागांत निघाली. पुढे जोगमहाराजांनी सार्थ गाथा छापून काढली. हे फार मोठे उपकार झाले. ज्याला बोरू धरता येत नव्हता त्याच्याही हाती गाथा आली. पण उतरून घेण्याचे जे मोल होते, त्याच्या जागी आता दुसरे काहीतरी हवे होते. ते काम किंमत करते. घेणारा खिशाकडे हात नेतो, तेव्हा क्षणभर थांबतो आणि स्वतःला विचारतो की मला हे खरेच हवे आहे का? तो क्षण म्हणजे जुन्या काळच्या महिनोन्‌महिन्यांचा उरलेला अंश आहे. त्या क्षणाला आपल्या भाषेत आर्त म्हणतात. किंमत आर्त निर्माण करीत नाही, पण ते आहे की नाही ते दाखवते.

येथून सिद्धांत जवळ आला. किंमतीचा उपयोग जर आर्त ओळखण्यासाठी असेल, तर जेथे घेणाऱ्याला तो क्षण मिळतच नाही, तेथे विक्रीही बिघडली आणि दानही बिघडले. आणि आपल्या संप्रदायात तो क्षण हिरावून घेणारी एक वस्तू आहे. तिचे नाव भीड.

एका गावच्या सप्ताहात मी श्रोता म्हणून बसलो होतो. काल्याचे कीर्तन झाले. बुवांनी गादीवरूनच सांगितले, ‘आमचा ग्रंथ बाहेर टेबलावर आहे, घरटी एक प्रत गेलीच पाहिजे, न घेता जाणाऱ्याचा सप्ताह अपुरा राहिला असे समजा.’ लोक हसले आणि रांगेत उभे राहिले. माझ्या पुढे एक म्हातारी माउली होती. तिने कनवटीची चंची काढली, घड्या घातलेल्या दहा-दहाच्या नोटा सोडवून एकेक मोजल्या. मी विचारले, ‘माउली, वाचता येतं का?’ म्हणाली, ‘नाही बुवा. पण महाराज बोलल्यावर नाही कसं म्हणू? ते बघत्यात.’

‘ते बघत्यात’ हे दोन शब्द मला सोडीनात. बुवा टेबलाजवळ उभे होते. लोक पाया पडत होते आणि पाया पडून वर होताच समोर पुस्तक होते. त्या ठिकाणी ‘नको’ म्हणणे म्हणजे पाया पडलेल्या माणसाला नकार देणे. त्या माउलीच्या नोटा खुरपणीच्या होत्या. त्यांतून पुस्तक विकत घेतले गेले नाही, एक नकार विकत घेतला गेला. जो श्रोत्याच्या श्रद्धेतून पैसा काढतो त्याने कथाच विकली, मग मध्ये कागद असो वा नसो. तुकोबांनी ज्याला विक्रय म्हटले तो हाच, असे मला वाटते.

आता खरेपणाने पुढचेही सांगतो, कारण ते माझ्या म्हणण्याला अडचणीचे आहे. काही महिन्यांनी ती माउली पुन्हा एका ठिकाणी भेटली. मी पुस्तकाचे विचारले. म्हणाली, ‘नातू वाचतो की! रोज रात्री दोन पानं. त्याला समजत नाही, मी सांगते.’ आता काय म्हणाल? भिडेने घेतलेले पुस्तक त्या घरात दिव्यापाशी वाचले जात होते. निरक्षर आजी अर्थ सांगत होती आणि शाळेत जाणारा नातू अक्षरे पुरवीत होता. मग बुवांनी केले ते योग्यच ठरले की काय?

मी पुष्कळ विचार केला. माझे उत्तर असे आहे. वाटेत सांडलेल्या दाण्याला पाऊस मिळाला तर तोही उगवतो. म्हणून सांडणाऱ्याला पेरणारा म्हणत नाहीत. त्या घरी जे उगवले ते आजीच्या जन्मभराच्या श्रवणाचे आणि नातवाच्या आज्ञाधारकपणाचे. त्याच रांगेतली इतर पुस्तके कोठे गेली, तेही मी थोडेफार पाहिले आहे. देव्हाऱ्याच्या फळीवर, हळदकुंकू वाहिलेली, कोरी. पूजा झालेले आणि उघडलेले नसलेले पुस्तक पाहिले की माझ्या पोटात कालवते. आपण त्याला पवित्र केले आणि त्याचे तोंड बंद केले. शिवाय ही गोष्ट उलट बाजूनेही पाहावी. बुवांनी भीड घातली नसती आणि टेबल नुसते ठेवले असते, तर त्या माउलीने नातवाला बोलावून ‘बघ रे, काय लिहिलंय’ म्हणून विचारलेच नसते, असे कोणी सांगावे? तिला विचारायची संधीच मिळाली नाही.

तेव्हा सिद्धांत असा. पुस्तकाला किंमत असावी की नसावी हा खरा प्रश्नच नव्हे. भिडेने विकले तर तो विक्रय आहे आणि भिडेने वाटले तर तो कचरा आहे. आर्ताने विकले तर ती देवाणघेवाण आहे आणि आर्ताला फुकट दिले तर ते दान आहे. दोष पैशात नाही, दोष भिडेत आहे.

यातून काही नेम निघतात. जे बुवा आपले पुस्तक छापण्याच्या विचारात आहेत त्यांच्यासाठी लिहितो; तुम्ही वाचक असलात तरी ते तुमच्या कामी येतील.

पहिला नेम, नारदांच्या गादीवरून आपल्या पुस्तकाचे नाव काढू नये. वीणा खाली ठेवून, फेटा उतरवून, माणूस म्हणून बोलताना सांगितले तर चालेल. त्या वेळी समोरचा ‘नको’ म्हणू शकतो. ज्या जागी समोरच्याला ‘नको’ म्हणता येते, तीच विकण्याची जागा. पाया पडण्याच्या रांगेपासून टेबल लांब ठेवावे आणि टेबलामागे बुवांनी स्वतः बसू नये.

दुसरा, जेवढे विकले जाईल तेवढेच छापावे. हजार छापले तर स्वस्त पडते हे खरे, पण त्या स्वस्ताईसाठी कान्होबाचा वाटा माळ्यावर वाळवी खात पडतो. आज थोड्या प्रतीही छापून मिळतात. प्रतीमागे चार पैसे जास्त गेले तरी जीव हलका राहतो.

तिसरा, आधी वाचायला द्यावे. मी माझ्या पुस्तकाच्या काही प्रती निराळ्या काढल्या आणि एकादशीला नेऊन पुढच्या एकादशीला परत करायच्या असे ठरवले. पंधरा दिवस घरी ठेवा. परत आणलीत तर आनंद, ठेवून घ्यावीशी वाटली तर छापलेली किंमत द्या, ऐपत नसेल तर सांगा आणि ठेवून घ्या. परत आलेल्या प्रतींवर तेलाचे बोट, मुडपलेले पान, पेन्सिलीची रेघ दिसते. दुकानातून येणाऱ्या हिशेबापेक्षा हा हिशेब मला जास्त कळतो. विनोबांची गोष्ट येथे आठवते. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचने दिली, साने गुरुजींनी ती उतरून घेतली. पुढे भूदानाच्या पदयात्रेत लोक सही मागत, तेव्हा विनोबा ‘गीता प्रवचने’च्या प्रतीवर सही देत. सहीची हौस त्यांनी वाचनाकडे वळवली. येथेही मोठ्या माणसाची ओढ होती, पण ती ग्रंथापर्यंत नेऊन सोडली.

चौथा, काही प्रती देणेच लागतात. आपले पुस्तक आपण छापले की कायद्याने आपणच प्रकाशक. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने ३० दिवसांच्या आत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि चेन्नई, मुंबई, दिल्ली येथील ठरलेल्या ग्रंथालयांना आपल्या खर्चाने एकेक प्रत पाठवायची असते. पुष्कळ बुवांना हे ठाऊक नसते आणि कळले तर भुर्दंड वाटतो. भुर्दंड नव्हे, माउली. आपण कोणी नसू तेव्हा जन्मणाऱ्या वाचकाचा तो वाटा आहे. गावच्या वाचनालयालाही एक प्रत द्यावी.

पाचवा, लांबच्या माणसाला टपालाने पाठवावे. पुस्तकांसाठीची जुनी सवलतीची नोंदणी-टपाल सेवा २०२४ च्या डिसेंबरात बंद झाली, तेव्हा लहान छापणारे हवालदिल झाले होते. १ मे २०२५ पासून टपाल खात्याने ‘ज्ञान पोस्ट’ सुरू केले आहे. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. त्याच्या अटी पोस्टात विचारून घ्याव्यात. पत्र लिहून पुस्तक मागवणारा माणूस भिडेत नसतो. त्याला आपले तोंडही दिसत नाही. असे एक मागणे मला टेबलावरच्या वीस विक्रींहून मोठे वाटते.

आणि सहावा, न विकल्या गेलेल्या प्रतींचे दुःख करू नये. आमचे गाव भीमेच्या काठचे. तुळापुरास इंद्रायणी भीमेला मिळते. म्हणजे देहू-आळंदीचे पाणी आमच्या शिवाराजवळून खाली जाते आणि पंढरीत त्यालाच चंद्रभागा म्हणतात. तुकोबांच्या अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडाल्या तेव्हा तेरा दिवस ते शिळेवर बसले आणि वह्या कोरड्या वर आल्या, ही कथा तुम्ही शेकडो वेळा ऐकली आहे. मी कीर्तनात ती सांगताना एवढेच जोडीत असे, की वह्या पाण्यात असताना अभंग कोठे होते? लोकांच्या मुखी होते. ज्याला हवे त्याने आधीच पाठ केले होते. कडूसचे गंगारामपंत मवाळ आणि संताजी जगनाडे यांच्यासारख्यांनी लिहूनही घेतले होते. कागद बुडाला तरी जो उरतो तो ग्रंथ. आपल्या पुस्तकातली चार वाक्ये जर कोणाच्या ओठी बसली असतील, तर माळ्यावरचा गठ्ठा वाळवीने खाल्ला तरी पुस्तक विकले गेले असे समजावे. आणि चारही बसली नसतील, तर हजार प्रती खपूनही ते खपलेले नाही.

फाल्गुन अमावस्येला आमच्या गावी फार मोठा समुदाय लोटतो. १६८९ साली याच तिथीला देह ठेवलेल्या संभाजी महाराजांच्या समाधीचे दर्शन घ्यायला लोक लांबून येतात. ज्या राजाचे शौर्य ते आठवतात, त्याच राजाने ‘बुधभूषण’ नावाचा संस्कृत ग्रंथ लिहिला हे त्यांतल्या पुष्कळांना ठाऊक नसते. त्या दिवशी पुस्तकांची दुकाने लागतात. तरुण पोरे उभ्या उभ्या पाने चाळतात, किंमत पाहतात, खिसा चाचपतात, ठेवून देतात, दोन पावले जातात आणि परत फिरतात. त्या परत फिरण्याकडे मी फार वेळ पाहत बसतो. कोणी बोलावलेले नसते, कोणी बघत नसते.

तेव्हा वाचक माउली, तुमच्याकडेही एक मागणे आहे. कोणा बुवाने आपले पुस्तक पुढे केले आणि तुम्हांला ते नको असेल, तर नमस्कार करून निःसंकोच नको म्हणा. त्याने तुमचा भक्तिभाव उणा होत नाही आणि बुवांचेही कल्याणच होते. हवे असेल तर छापलेले मोल पूर्ण द्या, फुकट मागू नका. त्याच्या घरीही कान्होबा आहे. आणि एकदा घेतलेत की देव्हाऱ्यात ठेवू नका. उघडा, वाचा, कडेला रेघा ओढा, आवडले तर दुसऱ्याला वाचायला द्या, पटले नाही तर बुवांना तसे कळवा. आम्हा लिहिणाऱ्यांना तुमच्याकडून यापेक्षा अधिक मोल घेण्याचा अधिकार नाही.

रामकृष्ण हरि.